तळटीप : पारशी आणि इराणी

* पारशी बागायतदार : मूळ मजकुरात दोन समाजांसाठी हा एकच शब्द आला आहे. दोघेही जरथुष्ट्री, पण त्यांच्या आगमनात हजारेक वर्षांचे अंतर. परंपरेनुसार पारशांचे पूर्वज तलासरीपासून जवळच्या संजाण बंदरात उतरले. इराणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात व नंतर, इराणातल्या यझ्द-केरमानकडचा छळ आणि गरिबी यांमुळे आले. तिथला जिझिया (बिगरमुस्लिमांवरचा कर) मुंबईच्या पारशांचे प्रतिनिधी माणेकजी लिमजी हातरिया यांच्या खटपटीने १८८२ साली उठला. तोवर मुंबईचे पारशी जहाजबांधणी, चीनचा व्यापार आणि इंग्रजी शिक्षण यांच्या बळावर पुढे गेले होते. अनेक इराण्यांनी सुरुवातीला त्यांच्याच घरी चाकरी केली. पुढे शहरात इराण्यांची हॉटेले व बेकऱ्या, तर डहाणू-घोलवड-बोर्डीत चिकूच्या वाड्या उभ्या राहिल्या. म्हणजे फरक धर्माचा नाही; आगमनाचा काळ आणि हाती असलेले भांडवल यांचा आहे. पेटिट विरुद्ध जीजीभाई खटल्यात (१९०८) मुंबई उच्च न्यायालयाने जरथुष्ट्री इराण्यांनाही ‘पारशी’ मानले, त्यामुळे एकत्रित आकड्यांत हा फरक झाकला जातो. डहाणू-तलासरी भागातील १९४५ च्या उठावातील वारली वेठबिगारांना मात्र सावकार-जमीनदाराचा वंश विचारण्याचे कारण नव्हते. — संपा.