बंधाऱ्यामागचे पक्षी

चापडगावच्या मनोऱ्यावरून नात जांभळ्या पाणकोंबड्या न्याहाळत होती. ‘आजोबा, हे तळं कुणी खणलं?’ खणलं कुणीच नाही. गोदावरी-कादवेच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा इंग्रज अमदानीत झाला, तो कालव्यांसाठी. पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते. मग गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबी हा तोटाच. बदकांना मात्र नेमकं तेच हवं होतं! १९८६मध्ये अभयारण्य जाहीर झालं; पुढे राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्रही हेच. फाल्गुन सरता सरता थापट्या, तलवार बदकं उत्तरेची वाट धरतात. नातीला थापट्याचीच चोच आवडली. ‘फावडं घेऊन फिरतो,’ म्हणाली. चक्रवाक सापडेपर्यंत ऊन चढलं होतं.