सोलनचा निवाडा

ग्रीकांचा आनंदी म्हणून लौकिक असला, तरी त्यांच्या जीवनदृष्टीच्या तळाशीं खोल नैराश्य होतें. अंत पाहिल्यावाचून कोणासही सुखी म्हणूं नये, असें सोलनानें वैभवमत्त क्रीसस राजास बजावल्याची कथा हिरोडोटसानें दिली आहे. या वचनाचा पडताळा आम्हां रत्नागिरीकरांस ग्रंथांत शोधावयास नको. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ सालीं पदच्युत झाला, १८८६ पासून येथें बंदिवासांत राहिला, आणि राजवाडा बांधून झाल्यावर सहाच वर्षांनीं, १९१६ सालीं, वारला. पण मरणानें तरी हिशेब पुरा होतो काय? त्याची थोरली कन्या स्वदेशीं जाऊनही पुनः येथेंच परतली व १९४७ सालीं येथेंच निवर्तली. संततीची दैवगति मृतास पोंचते काय, असें ॲरिस्टॉटलानें विचारलें होतें. तें कोडें आम्हांस सुटलेलें नाहीं. मात्र थिबाच्या समाधीपाशीं उभें राहिलें म्हणजे, मरणापर्यंतच थांबणारा सोलनचा निवाडाही उतावळा वाटतो.