सैतान कोण? निरनिराळ्या धर्मांची साक्ष

ज्युबिलीच्या मिस्साबलींत आपण सर्व जण बाप्तिस्म्याच्या वचनांचें नूतनीकरण करतों. त्या वेळीं धर्मगुरूंचा पहिला प्रश्न देवावरील श्रद्धेविषयीं नसतो, तर सैतानाच्या त्यागाविषयीं असतो. आपण एका स्वरानें उत्तर देतों. परंतु ज्याचा त्याग करावयाचा तो कोण, याचा विचार फार थोडे करतात. कित्येकांच्या मनांत तो शिंगें व शेपूट असलेला, देवाशीं बरोबरीनें झुंजणारा अंधाराचा राजा असतो. ही बरोबरीची समजूत कितपत खरी, याविषयीं निरनिराळ्या धर्मांचें म्हणणें काय आणि ख्रिस्तसभेनें काय ठरविलें, याचा संक्षिप्त इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. 'सातान' या हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक अथवा फिर्यादी. अरबी 'शैतान' हा त्याचाच सोयरा, आणि आपला मराठी 'सैतान' हा त्याच घराण्यांतील. ईयोबाच्या ग्रंथांत तो देवाच्या दरबारांत हजर होतो व देवानें आंखून दिलेल्या मर्यादेबाहेर एक पाऊलही टाकूं शकत नाहीं. दावीद राजानें प्रजेची शिरगणती केली ती कोणाच्या प्रेरणेनें? शमुवेलाचा दुसरा ग्रंथ परमेश्वराच्या कोपाकडे बोट दाखवितो. त्यानंतर लिहिला गेलेला इतिहासाचा पहिला ग्रंथ तीच हकीकत सांगतांना सैतानाचें नांव घेतो. वाइटाचें कर्तृत्व देवाकडे लावणें भक्तांच्या मनास हळूहळू जड वाटूं लागलें, असें यावरून दिसतें. नव्या करारांत तो मोह घालणारा व लबाडीचा बाप म्हणून पुढें येतो. पण तेथेंही अरण्यांत येशूपुढें तो हरतो.

मग वाईट आलें तरी कोठून? या प्रश्नास प्राचीन इराणनें दिलेलें उत्तर विचार करण्याजोगें आहे. जरथुष्ट्राच्या धर्मांत अहुर मज्द हा ज्ञानी प्रभु, आणि अंग्रमइन्यु अथवा अहरिमन ही विनाशक शक्ति. या दोघांचें नातें काय, यावर आपल्या मुंबई इलाख्यांतच मोठा वाद झाला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं १८४३ सालीं मुंबईंत ग्रंथ लिहून पारशी धर्मावर कडक टीका केली व त्यांतील द्वैतावर बोट ठेविलें. उलट, पुण्याच्या कॉलेजांत संस्कृत शिकविणारे जर्मन पंडित मार्टिन हौग यांनीं १८६२ सालच्या आपल्या निबंधांत असें मांडिलें कीं, जरथुष्ट्राचा मूळ उपदेश एकाच देवाचा होता. पुष्कळ पारशी बांधवांनीं हौग यांचें मत आपलेंसें केलें.

शब्दांची उलटापालटही मोठी विलक्षण आहे. संस्कृतांत 'देव' पूज्य, तर अवेस्तेंत 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ति. ऋग्वेदांत वरुणास 'असुर' म्हटलें आहे. पुढें तोच शब्द देवांच्या शत्रूंना लागला. हिंदु पुराणांत सर्व पापाचा धनी असा एकच सैतान नाहीं. बळी हा असुर खरा, पण दिवाळींत आपले शेजारी त्याचें राज्य पुन्हा यावें अशी इच्छा करतात. बौद्ध परंपरेंत मार हा सिद्धार्थाचें ध्यान मोडूं पाहतो. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यांत तो प्रसंग कोरलेला आहे. कुराणांतील इब्लिस, आपण अग्नीपासून व आदाम मातीपासून झालेला, या गर्वानें आदामापुढें वांकण्यास नकार देतो. परंतु तोही निर्मिलेला आहे, व त्याची मुदत न्यायाच्या दिवसापर्यंतच. यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान यांचें येथें एकमत आहे : सैतान हा दुसरा देव नव्हे.

आमच्या ख्रिस्तसभेस हें मत सहज टिकवितां आलें नाहीं. तिसऱ्या शतकांत मानीनें प्रकाश व अंधार हीं दोन अनादि राज्यें आहेत असा पंथ काढिला. संत ऑगस्टीन तरुणपणीं सुमारें नऊ वर्षें त्याच पंथांत होते. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनीं शिकविलें कीं, वाईट हें स्वतंत्र द्रव्य नव्हे, तर चांगल्याचा ऱ्हास आहे. फळ असल्याशिवाय कीड कशास लागणार? ५६१ सालीं ब्रागाच्या परिषदेनें, सैतान देवानें निर्मिलेला नाहीं हें मत धिक्कारिलें. पुढें दक्षिण फ्रान्सांत कॅथर पंथानें जडसृष्टि ही दुष्ट शक्तीची करणी ठरविली, तेव्हां १२१५ सालच्या चौथ्या लॅटेरन परिषदेनें स्पष्ट निर्णय दिला : सैतान व इतर दुरात्मे देवानें स्वभावतः चांगलेच निर्मिले, ते आपल्याच करणीनें वाईट झाले. त्याच कॅथर लोकांवर १२०९ पासून शस्त्र उगारलें गेलें होतें, हेंही दुःखानें नमूद केलें पाहिजे.

सिद्धांत शुद्ध राहिला, पण भीति गेली नाहीं. युरोपांत सैतानाशीं करार केल्याच्या आरोपावरून हजारों माणसें, विशेषतः स्त्रिया, जाळल्या गेल्या, आणि त्या पापांत कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोघांचाही वांटा आहे. तथापि सत्याची बाजू घेणारे धर्मगुरूही निघाले. १६१० सालीं स्पेनांतील लोग्रोन्यो येथें चेटकाच्या आरोपाखालीं माणसें जाळल्यावर, इन्क्विझिशनचाच एक न्यायाधीश आलोन्सो दे सालाझार यानें गांवोगांव फिरून चौकशी केली व एकाही चेटकाचा खरा पुरावा नाहीं असा अहवाल दिला. १६३१ सालीं जर्मन जेझुइट फ्रीडरिक श्पे यांनीं, छळानें कोणाकडूनही वाटेल तो गुन्हा कबूल करवितां येतो, असें ग्रंथ लिहून दाखविलें. या दोघांनीं सैतानाचें अस्तित्व नाकारिलें नाहीं. त्याचें नांव शेजाऱ्यावर लादण्याचें तेवढें नाकारिलें.

हाच धडा आपल्या कामाचा आहे. गोव्यांतील ख्रिस्ती 'देवचार' म्हणतात तो सैतानास. त्यांचे हिंदु शेजारी त्याच शब्दानें गांवाच्या सीमेच्या राखणदारास ओळखतात. शब्द एक, पण अर्थ दोन. म्हणून दुसऱ्याच्या श्रद्धेस सैतानाचें नांव देण्यापूर्वीं जीभ आंवरलेली बरी. कोणी आजारी पडला, कोणाची गाय आटली, कीं अमकीनें करणी केली असें कुजबुजणें अजून आपल्या घरांतूनही ऐकूं येतें. एखाद्या व्यक्तीस सैतान ठरविणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. ख्रिस्तसभेचा नियमही कडक आहे : बिशपांच्या खास परवानगीवांचून कोणत्याही धर्मगुरूस दुरात्मा काढण्याचा विधि करतां येत नाहीं, आणि दुखणें असेल तर प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावयाचा असतो. भगताच्या दारांत तर ख्रिस्ती माणसाचें कांहींच काम नाहीं.

तात्पर्य, सैतान नाहींच असें ख्रिस्तसभा म्हणत नाहीं, आणि तो देवाच्या तोडीचा आहे असेंही म्हणत नाहीं. तो निर्मिलेला, बंडखोर व पराभूत आहे. लबाडी व खोटा आरोप हींच त्याचीं जुनीं हत्यारें. जो शेजाऱ्यावर खोटा आळ घेतो, तो सैतानाशीं लढत नाहीं, त्याचेंच काम करतो. यंदा वचनांचें नूतनीकरण करतांना आपण याच कामाचा त्याग करीत आहों, हें मनांत धरूनच सर्वांनीं उत्तर द्यावें, अशी आमची नम्र विनंति आहे.