स्विचची आज्ञावली : लिहिणे, पुसणे, जपणे

१/ कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख आहे. दोन हजार वर्षांनंतरही तो वाचता येतो. पण तालुक्यातील एखाद्या कार्यालयाच्या नेटवर्क स्विचमध्ये गेल्या वर्षी कोणती आज्ञावली होती, हे सांगणारा क्वचितच सापडेल. असे का झाले, त्याचा हा धागा.

२/ १८९१ साली अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर यांना स्वयंचलित टेलिफोन स्विचचे पेटंट मिळाले. त्या यंत्राचे नियम त्याच्या सांगाड्यातच होते. नियम बदलायचा तर जोडणी बदलावी लागे.

३/ १९६५ साली न्यू जर्सीतील सकासुन्ना येथे बेल कंपनीचे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. त्याची आज्ञावली ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरील सूक्ष्म चुंबकांत साठवलेली होती. दुरुस्तीसाठी पत्रे बाहेर काढून यंत्रावर पुन्हा लिहावे लागत.

४/ १९६७ साली ॲशर ओप्लर यांनी ‘फर्मवेअर’ हा शब्द रूढ केला : धड यंत्रही नव्हे, धड सॉफ्टवेअरही नव्हे, असा मधला थर. १९७१ साली इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम चिप घडवली. तिच्यावरील मजकूर अतिनील किरणांखाली धरल्यावरच पुसला जाई.

५/ भारतात १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली. धूळ व उन्हाळा सोसणारे, वातानुकूलनाविना चालणारे तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम बसले. अशी यंत्रे मोडीत निघाली की त्यांतली आज्ञावलीही भंगारात जाते.

६/ १९८४ सालीच तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. आता चिप न काढता, दूर बसूनही पुनर्लेखन शक्य झाले. लिहिणे जितके सोपे झाले, तितकेच पुसणेही.

७/ त्याचा धोका १५ जानेवारी १९९० रोजी दिसला. एटी अँड टीच्या स्विचांत महिन्याभरापूर्वीच नवी आज्ञावली भरली होती. तिच्यातील एका चुकीमुळे एक स्विच सावरताना शेजारचे कोसळू लागले. ११४ स्विचांचे जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत राहिले.

८/ म्हणूनच आजची शिस्त : चालू संरचना आधी कायम स्मृतीत जतन करावी, नाहीतर वीज जाताच ती नाहीशी होते. तिची प्रत स्विचबाहेर ठेवावी. नव्या फर्मवेअर फाइलची बेरीज-खूण निर्मात्याने दिलेल्या खुणेशी ताडून पाहावी. दोन कप्पे असतील, तर नवी फाइल रिकाम्या कप्प्यात भरावी. जुनी पुसू नये. लेखन चालू असताना वीज तोडू नये.

९/ आणि एका वहीत तारीख, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती व बदलाचे कारण लिहावे. बिघाड झाला तर मागे फिरण्याची वाट त्या नोंदीतून सापडते. मित्रदेवाने नाव, गाव, व्यवसाय आणि दान एवढेच कोरले होते. आपल्याला तेवढ्यावरूनच तो ओळखता येतो.