दूरध्वनीचे सांधे



आपल्या मुळशी तालुक्यातून आज कोणीही मोबाईलचे दहा आकडे दाबतो आणि क्षणात मुंबईला असलेल्या मुलाशी बोलू लागतो. तेवढ्या क्षणात आपला आवाज कितीतरी हातांतून पुढे जातो. ते हात एकमेकांत कसे गुंफले गेले, याचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

अलेक्झांडर ग्राहम बेल यांना 1876 साली दूरध्वनीचे पेटंट मिळाले. 1882 च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. केंद्र कशासाठी? शंभर घरे एकमेकांशी थेट जोडायची म्हटली तर 4,950 तारा लागतील. त्याऐवजी प्रत्येक घराची एकच तार केंद्रात आणली, की तेथील ऑपरेटर हव्या त्या दोन तारा जोडून देतो. एका गावाचे केंद्र दुसऱ्या गावाच्या केंद्राशी जोडणारी वाट म्हणजे ट्रंक लाईन. ट्रंक म्हणजे झाडाचे खोड. घरोघरच्या फांद्या शेकडो, पण खोडातल्या वाटा मोजक्या. म्हणूनच पूर्वी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. घाई असेल तर ‘लाइटनिंग’ कॉल. त्याला दर आठपट!

सांध्यावर माणूस बसला, की त्याच्या मर्जीचा प्रश्न येतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर यांचा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय होता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता, असे सांगतात. त्यांनी आपोआप जोडणी करणारे यंत्रच तयार केले व 1891 साली त्याचे पेटंट मिळवले. आता आकडे फिरवणाराच वाट ठरवू लागला. भारतात 1960 साली कानपूर-लखनौ दरम्यान पहिली एसटीडी सेवा सुरू झाली.

एसटीडीचे गणित सोपे आहे. पहिले शून्य केंद्राला सांगते, की हा कॉल बाहेरगावचा. पुढचा संकेतांक गाव सांगतो. मुंबईचा 22, कोल्हापूरचा 231, लोणावळ्याचा 2114. उरलेले आकडे घर सांगतात. सरळ वाट भरलेली असेल तर यंत्र वळणाची वाट शोधते. ताम्हिणी घाट बंद असला, की आपण खंडाळ्यावरून कोकणात उतरतो, अगदी तसेच. शिवाय ही वाट तारेचीच हवी असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे 1971 साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशचे कॉल आकाशमार्गे जाऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर हे सारे सांधे सरकारी खात्याच्या हाती होते. 1994 च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले. मोबाईल सेवेसाठी महाराष्ट्र व गोवा हे एक क्षेत्र झाले आणि मुंबई दुसरे. त्यामुळे पौडहून मुंबईला केलेला कॉल आपली कंपनी घेते आणि तिथली कंपनी तो पोहोचवते. कधी ही दोन्ही कामे एकच कंपनी करते, कधी निराळ्या.

आता स्ट्रोजर यांचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला: प्रतिस्पर्ध्याचा कॉल आपण का पोहोचवावा? यासाठीच 1997 साली ‘ट्राय’ हे नियामक प्राधिकरण स्थापन झाले. 2016 साली पुरेसे सांधे मिळत नसल्याने आपले कॉल तुटतात, अशी तक्रार एका नव्या कंपनीने केली. ट्रायने तीन जुन्या कंपन्यांना मिळून 3,050 कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. कंपन्यांनी मात्र आरोप नाकारले. कॉल पोहोचवण्यासाठी एक मोबाईल कंपनी दुसरीला जे शुल्क देई, ते 2017 साली मिनिटाला 14 पैशांवरून 6 पैशांवर आले आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाले.

तात्पर्य, तार कितीही चांगली असो, सांधा न्यायाचा नसेल तर आवाज अडतो. आपली मुले फोन हाताळण्यात तरबेज आहेत. परंतु त्या सांध्यांवर अभियंता म्हणून बसायचे, किंवा त्यांचे नियम लिहायचे, तर गणित, विज्ञान आणि कायदा मनापासून शिकला पाहिजे. मुळशीतल्या मुलामुलींनी ही वाट अवश्य धरावी.