दुधाच्या दातांतला डेटा

दुधाचा दात पडला की आपल्याकडे कुणी तो पुरतं, कुणी छपरावर फेकतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन नावाचे डॉक्टर मात्र मुलांकडून असे दात मागून घेत होते.

त्यांना शोधायचं होतं शिसं. तेव्हा ते पेट्रोलमध्ये होतं, घराच्या रंगातही होतं. शिशाची विषबाधा डॉक्टरांना माहीत होतीच : पोटात कळा, झटके, कधी मृत्यू. पण ज्या मुलाला यातलं काही होत नाही ते ठणठणीत, असंच धरून चालायचे. नीडलमनना ते पटेना. अडचण अशी की रक्त तपासलं तर फक्त अलीकडचं शिसं कळतं. जुनं सापडतं हाडांत आणि दातांत, कारण शरीर शिशाला कॅल्शियम समजून तिथे साठवतं. थोडक्यात, दात म्हणजे लॉग फाइल! (आम्हा कोडिंगवाल्यांना सगळीकडे हेच दिसतं.)

बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिलमध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांचे दात जमवले. जास्त शिसंवाली ५८ आणि कमीवाली १०० मुलं निवडून चाचण्या घेतल्या. कोण कुठल्या गटातलं, हे चाचणी घेणाऱ्यांना सांगितलंच नव्हतं. १९७९ साली निकाल छापून आला : जास्त शिसंवाल्यांचा आयक्यू सरासरी सुमारे चार गुणांनी कमी. आणि वरवर बघता त्यातलं कुणीच आजारी नव्हतं.

शिवाय २,१४६ मुलांबद्दल शिक्षकांनी फॉर्म भरले होते. दातातलं शिसं जसं वाढतं, तसं ‘लक्ष नसतं’ छापाचे शेरेही वाढलेले. मला हाच भाग सगळ्यात टोचतो. ‘ढ’ म्हणून ओरडा खाणाऱ्या पोराच्या घरातला रंग कोण तपासणार होतं?

पुढे त्यांच्यावरच आरोप झाले. १९९१ साली, शिसं उद्योगाच्या बाजूने कोर्टात उभ्या राहिलेल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या संशोधनाविरुद्ध तक्रार केली. सुनावणी बंद दाराआड नको, उघड घ्या, म्हणून नीडलमन अडून बसले. काही चुका निघाल्या, पण गैरप्रकार सिद्ध झाला नाही.

तोवर पेट्रोलमधलं शिसं घटत चाललं होतं. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलं.

आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम लागू झाला थेट २०१७ मध्ये. त्यामुळे जुन्या भिंतीचे पोपडे निघत असतील आणि घरात रांगतं बाळ असेल, तर कोरडं घासू नका, झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, आणि बाळाचे हात खाण्याआधी धुवा.