धावण्याचा पट्टा आणि न्याय

४०० मीटर शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यातला धावपटू एवढा पुढे का उभा असतो, असं मला अनेकजण विचारतात. वळणावर त्याला लांबचा फेरा पडतो, म्हणून आठव्या पट्ट्यातला धावपटू पहिल्यापेक्षा सुमारे ५३ मीटर पुढून निघतो. अंतर मात्र सगळ्यांना सारखंच.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या अंतिम शर्यतीला पट्टेच नव्हते. अमेरिकेच्या कार्पेंटरनं ब्रिटनच्या हॅल्सवेलची वाट अडवली, असं ठरवून पंचांनी त्याला बाद केलं. दोन दिवसांनी दोऱ्या लावून, पट्टे पाडून शर्यत पुन्हा ठेवली. उरलेल्या दोघा अमेरिकनांनी धावायला नकार दिला. हॅल्सवेल एकटाच धावला आणि ५० सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला!

पट्ट्यांमुळे आडवं येणं थांबलं, पण सगळी विषमता संपली नाही. आतल्या पट्ट्याचं वळण अधिक तीव्र असतं, तर सर्वांत बाहेरच्याला प्रतिस्पर्धी दिसतच नाहीत. पिस्तुलाचा आवाज ५३ मीटर जायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात, म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाच्या मागे स्पीकर ठेवतात.

२०१६ मध्ये रिओत दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन नीकर्कनं आठव्याच पट्ट्यातून ४३.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पण एका विक्रमानं गैरसोय पुसली जात नाही. आधीच्या फेरीत सरस ठरलेल्यांना सोयीचे पट्टे देण्याची पद्धत आहे. जो आधीच वेगवान, त्यालाच सोय. याला बक्षीस म्हणायचं की पक्षपात, हे तुम्हीच ठरवा.